भुलीचं इंजेक्शन आणि डोळ्याचा रक्तप्रवाह: ब्लॉकच्या आधी, ब्लॉक देताना आणि नंतर काय बघायचं

डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी ब्लॉक, म्हणजे डोळ्याभोवती भुलीचं इंजेक्शन, दिला की आपण तीन गोष्टी तपासतो: डोळा हलायचा थांबला का, पापणी सैल पडली का, स्पर्श केला तर दुखतं का. चौथी गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. त्या डोळ्यात रक्त आधीसारखं जातंय का?

थोडा वेळ ते कमी जातं. निरोगी डोळा ही घट सहज सोसतो, म्हणूनच रोज असंख्य मोतीबिंदू सुखरूप निघतात आणि कुणाला काही जाणवतही नाही. पण काचबिंदूने संपत आलेली डोळ्याची नस (ऑप्टिक नर्व्ह), मधुमेहाने पोखरलेल्या रक्तवाहिन्या किंवा मानेतली अरुंद झालेली कॅरोटिड धमनी असेल, तर घट सोसण्याइतकी शिल्लक त्या डोळ्याकडे नसते. अशा रुग्णातही एकटा ब्लॉक क्वचितच घात करतो. डोळ्याच्या खोबणीत भरलेलं औषध, वरून दिलेला दाब, उतरलेला रक्तदाब आणि शस्त्रक्रियेत डोळ्यात द्रव सोडणारी, उंच टांगलेली बाटली ही ओझी एकामागोमाग एकाच डोळ्यावर पडतात. प्रत्येक ओझं टाकणारा माणूस वेगळा असतो, त्यामुळे त्यांची बेरीज कुणीच करत नाही. ती कशी करायची हे पुढे सांगतो. लेख मुख्यतः नवीन भूलतज्ज्ञ, नेत्रविभागातले निवासी डॉक्टर आणि थिएटरमधले सहकारी यांच्यासाठी आहे. काचबिंदूच्या रुग्णांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी पहिली आणि शेवटची पायरी वाचली तरी डॉक्टरांना काय सांगायचं, काय विचारायचं हे कळेल.

रक्त येतं कुठून

अंतर्गत कॅरोटिडमधून ऑफ्थॅल्मिक धमनी निघते आणि तिच्यातून डोळ्याला दोन वेगळ्या वाटांनी रक्त मिळतं. पहिली वाट म्हणजे मध्यवर्ती रेटिनल धमनी. ती डोळ्याच्या मागे साधारण १० ते १२ मिमीवर ऑप्टिक नर्व्हमध्ये शिरते आणि दृष्टिपटलाच्या आतल्या थरांना पोसते. ती बंद पडली तर बहुतेकांत दुसरी वाट नसते. दुसरी वाट पोस्टिरिअर सिलिअरी धमन्यांची. त्या कोरॉइडला (दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराला) आणि ऑप्टिक नर्व्हच्या पुढच्या टोकाला रक्त देतात. डोळ्यात येणाऱ्या रक्तापैकी सुमारे ८५ टक्के एकट्या कोरॉइडमध्ये जातं, दृष्टिपटलाच्या वाट्याला ५ टक्क्यांच्या आसपास येतं.

दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. दृष्टिपटलातल्या वाहिन्यांवर स्वायत्त चेतांचा ताबा नाही. दाब बदलला की त्या स्वतःच आकसतात किंवा रुंदावतात आणि प्रवाह सांभाळतात. कोरॉइडवर स्वायत्त चेतांचं दाट जाळं आहे आणि स्वतःहून सांभाळण्याची ताकद तुलनेने कमी. ब्लॉकने सिलिअरी गँगलिऑनसुद्धा (डोळ्यामागची चेतांची गाठ) बधिर होतो, त्यामुळे दोन्ही वाटांवर परिणाम सारखा होत नाही.

औषध आत गेलं की काय बदलतं

खोबण हाडांची आहे आणि तिचं आकारमान जेमतेम ३० मिली. त्यातले सुमारे ७ मिली तर डोळाच व्यापतो. रेट्रोबल्बारमध्ये (डोळ्यामागे, स्नायूंच्या शंकूच्या आत सुई) आपण २ ते ४ मिली, सब-टेननमध्ये (डोळ्याभोवतीच्या टेनन नावाच्या पातळ आवरणाखाली) ३ ते ५ मिली आणि पेरिबल्बारमध्ये (त्या शंकूच्या बाहेर सुई) ५ ते १० मिली औषध देतो. समोरची बाजू सोडली तर त्याला जायला जागा नाही. डोळा पुढे येतो, पापण्यांनी तो अडतो, आणि डोळ्याच्या आतला दाब चढतो. बहुतेकांत ही वाढ काही मिमी पाऱ्याची असते, काहींत १० मिमीहून जास्त. औषध पसरतं तसा दाब मिनिटांत उतरू लागतो.

दाब वाढला की प्रवाह घटणार हे उघड आहे. मात्र गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. डोळ्याच्या नाडीचा झोत मोजणारी यंत्रं लावून पाहिलं तेव्हा सब-टेनन आणि पेरिबल्बार या दोन्ही पद्धतींनंतर नाडीचा जोर कमी झालेला दिसला, आणि जिथे डोळ्याचा दाब फारसा वाढला नव्हता तिथेही तो कमी झाला. कलर डॉपलरवर (रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रेट्रोबल्बार ब्लॉकनंतर डोळ्यामागच्या धमन्यांमधला वेग मंदावलेला दिसतो. म्हणजे टोनोमीटरवर (डोळ्याचा दाब मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा चांगला आला एवढ्यावरून रक्तप्रवाह चांगला आहे असं मानता येत नाही. खोबणीतला दाब वाहिन्यांवर बाहेरून येतो, भुलीचं औषध वाहिन्यांच्या स्नायूंवर थेट काम करतं, आणि चेतांचे संदेशही बदलतात.

औषधांमध्येही फरक आहे. लिडोकेन आणि ब्युपिव्हाकेन नेहमीच्या मात्रेत वाहिन्या रुंदावण्याकडे झुकतात, रोपिव्हाकेन आकुंचनाकडे. अ‍ॅड्रेनालिन घातलं तर आकुंचन ठरलेलंच. १ : २,००,००० या प्रमाणात प्रत्येक मिलीमध्ये ५ मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रेनालिन असतं. ही मात्रा शरीराला नगण्य वाटली, तरी डोळ्यामागच्या बारीक धमन्यांच्या अगदी शेजारी ती टाकली जाते.

पायरी १ : कागदांत काय शोधायचं

नेहमीची यादी असते: साखर, रक्तदाब, ईसीजी, रक्त पातळ करणारी गोळी. तिच्यात आणखी काही प्रश्न घाला. काचबिंदू आहे का, आणि असला तर दृष्टिक्षेत्राचा शेवटचा अहवाल कसा आहे? फक्त मधला छोटा भाग उरला असेल तर तो डोळा सर्वांत नाजूक समजा. दुसऱ्या डोळ्यात कधी अचानक नजर गेली होती का, विशेषतः ऑप्टिक नर्व्हचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे? मधुमेही दृष्टिपटलदोष किती पुढे गेला आहे? पक्षाघात, कॅरोटिडचं अरुंदीकरण, डायलिसिस, सिकल सेल यांपैकी काही आहे का? दिसणारा डोळा हा एकच आहे का?

डोळ्याची लांबी मी दरवेळी स्वतः बघतो. २६ मिमीपेक्षा लांब डोळ्यात सुई डोळ्यालाच भोसकण्याचा धोका वाढतो, आणि फक्त त्या कारणासाठीही भुलीची पद्धत बदलावी.

रक्तदाबाच्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा. सकाळी रुग्ण घाबरलेला असतो, दाब १८० दिसतो, आणि कुणीतरी जिभेखाली निफेडिपिन द्यायला सांगतं. हे करू नका. दाब झपाट्याने कोसळतो, तोही नेमका ब्लॉकच्या वेळी. धीर द्या, नेहमीची गोळी घेतली आहे का ते विचारा, काही वेळाने पुन्हा मोजा, आणि तरीही फार वर राहिला तर शस्त्रक्रिया पुढे ढकला. वर राहिलेल्या दाबानेही नुकसान होतं: उघडलेल्या डोळ्यात कोरॉइडमागे रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

पायरी २ : बेरीज मांडा

डोळ्याला रक्त ढकलणारा जोर म्हणजे डोळ्यापाशी येणारा धमनीतला सरासरी दाब वजा डोळ्याच्या आतला दाब. बसलेल्या माणसात दंडावरच्या सरासरी दाबाचे दोन तृतीयांश धरतात, कारण डोळा हृदयाच्या वर असतो. आडवा झाल्यावर हा गुणक साधारण ०.८८ होतो. सरासरी दाब काढायचा तो डायस्टोलिकमध्ये सिस्टोलिक आणि डायस्टोलिकमधल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवून.

समजा रक्तदाब १२०/८० आहे. सरासरी ९३, आडव्या रुग्णात डोळ्यापाशी सुमारे ८२. डोळ्याचा दाब १५ असेल तर ढकलणारा जोर ६७. आता काचबिंदूचा रुग्ण घ्या. शामक औषधाने त्याचा रक्तदाब १००/६० वर आला, सरासरी ७३, डोळ्यापाशी सुमारे ६५. ब्लॉकने डोळ्याचा दाब ४० वर गेला. उरले २५. पहिल्या माणसाच्या तुलनेत हे निम्म्याहून बरंच कमी, आणि शस्त्रक्रिया अजून सुरूही झालेली नाही.

आता शल्यविशारद बाटली डोळ्याच्या पातळीपासून १०० सेंमी उंच टांगतात. पाण्याचा १ सेंमी म्हणजे ०.७४ मिमी पारा. पाणी बाहेर जात नसताना डोळ्यात ७४ मिमीपर्यंत दाब उभा राहू शकतो. ६५ मधून ७४ वजा करून बघा. जखमेतून होणारी गळती आणि चोषण यांमुळे प्रत्यक्ष आकडा बहुतेक वेळ खाली राहतो, तरी काही क्षण प्रवाह जवळजवळ थांबतो हे स्पष्ट आहे.

ही गणितं ढोबळ आहेत. डोळ्याचं दुखणं, वाहिन्यांची लवचीकता यांतलं काहीच त्यांत येत नाही. तरी मी ती नाजूक डोळ्यासाठी मांडतोच, कारण त्यामुळे बोलणं सुरू होतं: बाटली थोडी खाली चालेल का, ब्लॉकनंतर पाच मिनिटं थांबू या का, शामक निम्मं देऊ का.

पायरी ३ : पद्धत निवडा

साधा मोतीबिंदू, सहकार्य करणारा रुग्ण आणि सवयीचा शल्यविशारद असेल, तर थेंबांची भूल आणि जोडीला डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परिरक्षक नसलेलं १ टक्का लिडोकेन ही रक्तप्रवाहाच्या दृष्टीने सर्वांत सौम्य पद्धत. खोबणीत काहीच जात नाही. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला तेव्हापासूनची ही वाट सुयांच्या जमान्यात मागे पडली होती, आणि छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेने ती पुन्हा वर आणली.

थेंब पुरणार नसतील तर माझी पसंती सब-टेननला. १९९२ मध्ये स्टीव्हन्स यांनी बोथट कॅन्युलाने (बारीक नळीने) ही पद्धत मांडली आणि ती आज जगभर रुळली आहे. डोळ्यामागे धारदार टोक जात नाही, औषध थोडं लागतं आणि दाबाची वाढही सहसा कमी राहते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा फायदा आणखी मोठा. पण सब-टेनन म्हणजे रक्तप्रवाहाला धक्काच नाही असं समजू नका. नाडीचा जोर तिथेही घटतो, ते वर सांगितलंच.

पेरिबल्बार १९८६ मध्ये डेव्हिस आणि मँडेल यांनी लोकप्रिय केला, सुई स्नायूंच्या शंकूबाहेर ठेवायची म्हणून. नसेला इजा होण्याचा धोका त्याने घटला, त्या बदल्यात औषधाचं आकारमान वाढलं. रक्तप्रवाहाच्या हिशोबात ही अदलाबदल लक्षात ठेवा. रेट्रोबल्बारमध्ये औषध कमी लागतं, पण चूक झाली तर ती ऑप्टिक नर्व्हच्या आवरणात किंवा धमनीजवळ होते. प्रगत काचबिंदूत हे दोन्ही टाळता आले तर टाळा. रुग्ण फार अस्वस्थ असेल, खोकला थांबत नसेल, तर संपूर्ण भूल जास्त सुरक्षित ठरू शकते. खोकताना शिरांमधला दाब वाढतो आणि कोरॉइड रक्ताने तुडुंब भरतो, ते ब्लॉकपेक्षा वाईट.

पायरी ४ : सिरिंज भरताना

नाजूक डोळ्यासाठी अ‍ॅड्रेनालिन वगळा. परिणाम लांबवायला ते घालतात, पण ब्युपिव्हाकेन असताना बहुतेक शस्त्रक्रियांना तेवढी लांबी लागतच नाही. हायलुरोनिडेज मात्र घ्या. ते औषध ऊतींमधून लवकर पसरवतं, त्यामुळे ब्लॉक लवकर चढतो आणि खोबणीतला दाबही लवकर ओसरतो. आकारमान ठरवताना सवयीने १० मिली भरू नका. ५ मिलीने काम होत असेल तर उरलेले ५ मिली डोळ्यावर विनाकारण पडलेलं ओझं आहे. कमी पडलं तर नंतर पुरवणी देता येते.

पायरी ५ : देताना

रुग्णाला सरळ समोर बघायला सांगा. १९३६ मध्ये अ‍ॅटकिन्सन यांनी वर आणि नाकाकडे बघायला सांगण्याची पद्धत दिली होती, आणि ती अनेक दशकं चालली. पुढे सीटी स्कॅनवर दिसलं की त्या स्थितीत ऑप्टिक नर्व्ह उलट सुईच्या वाटेत येते. सुई २५ मिमीची पुरे, ३१ मिमीपेक्षा लांब कधीच नको.

औषध सावकाश द्या. भराभर ढकललं तर दाब उसळतो आणि दुखतंही. प्रत्येक मिलीनंतर बोटाने पापणीवरून डोळा चाचपा. वरची पापणी ताठ होऊ लागली, डोळा दगडासारखा लागू लागला, की तिथेच थांबा, सिरिंजमध्ये कितीही उरलं असलं तरी. सब-टेननमध्ये खाली नाकाच्या बाजूला, बुबुळाच्या कडेपासून ५ ते ७ मिमीवर टेनन उघडा, कॅन्युला डोळ्याच्या वळणाला चिकटवून आत सरकवा. अडलं तर जोर लावू नका.

नाडीकडे कान असू द्या. डोळ्यावर दाब आला की ट्रायजेमिनल आणि व्हेगसमार्गे हृदयाचे ठोके एकदम कमी होऊ शकतात. ठोके पडले की रक्तदाब पडतो आणि बेरजेतला पहिला आकडाच घसरतो. हात काढा. बहुतेक वेळा तेवढ्याने ठोके परत येतात, नाही आले तर अ‍ॅट्रोपिन तयार असावं.

पायरी ६ : वरून दाब द्यायचा की नाही

ब्लॉकनंतर होनन बलून (डोळ्यावर बांधायचा, दाबमापक असलेला फुगा) ३० मिमीवर १० मिनिटं ठेवण्याची पद्धत जुनी आहे. त्याने औषध पसरतं आणि नंतर डोळा मऊ मिळतो, हे खरं. पण बलून वर असताना डोळ्याचा दाब वाढलेलाच असतो. त्या १० मिनिटांत रक्तप्रवाह कमी होतो आणि त्याच काळात ब्लॉकचा परिणामही शिखरावर असतो. निरोगी डोळ्यात याने काही बिघडत नाही. प्रगत काचबिंदू, पूर्वी नसेचा झटका आलेला रुग्ण, सिकल सेल किंवा कॅरोटिडचा आजार असेल तर मी बलून लावत नाही. मापक नसलेला रबरी चेंडू पट्ट्याने बांधणं तर कुणासाठीच नको, कारण खाली किती दाब पडतोय ते कळत नाही. हाताने हलकं दाबायचं असेल तर थोडे सेकंद दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सोडलेल्या क्षणांत रक्त शिरतं.

नजर गेली का, हे विचारून प्रवाह ओळखता येत नाही, हे इथे ठळक सांगायला हवं. रेट्रोबल्बारनंतर, आणि बऱ्याचदा इतर ब्लॉकनंतरही, ऑप्टिक नर्व्ह स्वतःच बधिर होते आणि रुग्णाला अंधार दिसतो. रुग्णाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो घाबरतो आणि रक्तदाब चढतो. शंका असेल तर इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप घेऊन नसेचं टोक बघा. धमनी ठोक्याबरोबर मिटते आणि उघडते असं दिसलं, तर डोळ्याचा दाब तिच्या डायस्टोलिक दाबाच्या वर गेला आहे. ती पांढरी, रिकामी दिसली तर प्रवाह बंद आहे. पाहायला अर्धं मिनिट लागतं. डोळा घट्ट वाटल्यावर हे पाहिल्याशिवाय शस्त्रक्रिया सुरू करू नये.

पायरी ७ : चादरीखाली

चादरीखाली उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याने कोरॉइडच्या वाहिन्या रुंदावतात, डोळ्यातलं रक्ताचं आकारमान वाढतं आणि मागून दाब येतो. हवेचा झोत आणि ऑक्सिजन चालू ठेवा, चादर तोंडापासून उचलून धरा. शामक जास्त झालं की श्वास उथळ होतो आणि हाच त्रास दुप्पट होतो. डोक्याची बाजू १० ते १५ अंश वर केली तर शिरांचा निचरा सुधारतो. जास्त उचललं तर डोळ्यापाशी धमनीतला दाब घटतो, दर सेंटिमीटर उंचीमागे पाऊण मिमीच्या आसपास. रक्तदाब दर ५ मिनिटांनी मोजा आणि नाजूक डोळ्यात तो रुग्णाच्या नेहमीच्या आकड्याजवळ ठेवा. कागदावर ११०/७० सुंदर दिसतं, पण ज्याचा रोजचा दाब १५०/९० आहे त्याच्या डोळ्यासाठी ती मोठी घसरण आहे.

पायरी ८ : बिघडलं तर

सुईनंतर डोळा झपाट्याने पुढे आला, पापण्या ताठ झाल्या, पांढऱ्या भागावर रक्त पसरलं, बोटाखाली डोळा कडक लागला: डोळ्यामागे रक्तस्राव आहे असंच धरा. शस्त्रक्रिया थांबवा. रक्तस्राव किरकोळ असेल आणि डोळा मऊ असेल तर हलका, सोडून सोडून दिलेला दाब पुरतो. डोळा कडक असेल तर लगेच फंडस (डोळ्याचा आतला मागचा भाग) बघा. धमनी बंद असेल किंवा दाब ४० च्या वर असेल तर स्कॅनची वाट बघू नका. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातली पापणी कात्रीने खोबणीच्या कडेपर्यंत उघडा आणि खालच्या पापणीला हाडाशी धरून ठेवणारा बंध तोडा. पापणी सैल होऊन हाडापासून सुटली तरच काम झालं असं समजा, नुसता कातडीचा छेद पुरत नाही. जोडीला अ‍ॅसिटाझोलामाइड ५०० मिग्रॅ शिरेतून, टिमोलॉलचे थेंब, आणि हृदय व मूत्रपिंडं सोसत असतील तर २० टक्के मॅनिटॉल वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ग्रॅम. सिकल सेल असेल तर अ‍ॅसिटाझोलामाइड टाळा.

घाई का, ते आकड्यांवरून कळेल. सोहनसिंग हायरे यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत मध्यवर्ती धमनी सुमारे ९७ मिनिटं बंद राहिली तरी दृष्टिपटल सावरलं, २४० मिनिटांनंतर मात्र जवळजवळ सगळं कायमचं गेलं. ही वेळ निरोगी नसेच्या दृष्टिपटलाची आहे. काचबिंदूने झिजलेल्या नसेने इतका वेळ तग धरावा अशी अपेक्षा ठेवू नका.

पायरी ९ : पट्टी बांधल्यानंतर

ब्लॉक उतरेपर्यंत अंधार असणं चालतं, तो किती वेळ टिकेल ते औषधावर अवलंबून आहे. लिडोकेन काही तासांत उतरतं, ब्युपिव्हाकेनला जास्त वेळ लागतो. रात्री उशिरापर्यंत उजेडही दिसत नसेल, डोळा ठणकत असेल किंवा उलट्या होत असतील, तर सकाळच्या तपासणीची वाट न बघता रुग्णालयात कळवा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत काचबिंदूच्या डोळ्याचा दाब पुन्हा चढू शकतो, म्हणून अशा रुग्णाला सोडण्याआधी दाब मोजा आणि काचबिंदूचे कोणते थेंब कधी सुरू करायचे ते लिहून द्या. रक्तदाबाची गोळी झोपताना घेण्याची सवय असेल तर त्या रात्रीबद्दल डॉक्टरांना विचारा. झोपेत दाब आधीच उतरतो आणि त्यात गोळीची भर पडते.

केसपेपरवर भुलीची पद्धत, औषध, किती मिली दिलं, बलून किती मिनिटं होता, ब्लॉकनंतर डोळा मऊ होता की ताठ आणि त्या वेळचा रक्तदाब एवढं नोंदवा. बहुतेक रुग्ण दुसऱ्या डोळ्यासाठी परत येतात, आणि ६ मिलीने याच माणसाची पापणी ताठ झाली होती हे तेव्हा ब्लॉक देणाऱ्याला वाचायला मिळालं, तर तो ४ मिलीच भरेल.